घरातल्या सिनेमांच्या डिस्क वाचवायला विकतचं सॉफ्टवेअर कशाला?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुन्या सीडी-डीव्हीडी 'एका क्लिकमध्ये फोर-के' करून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जाहिराती हल्ली मोबाईलवर फार दिसतात, आणि आमच्या वयाची माणसं त्यांना भुलून पैसे भरताहेत. म्हणून हा पत्रप्रपंच.

कराडात आमची बरीच वर्षं व्हिडिओ लायब्ररी होती. आधी व्हीएचएस कॅसेट, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी. २००७ साली मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हाच आमचे यजमान म्हणाले होते, "आता भाड्याने कोण नेणार?" झालंही तसंच. पुढे २०१८ मध्ये ती कंपनीही अवसायनात गेली. आमच्या दुकानाच्या जागी आता मोबाईल रिचार्जवाला बसतो. पण जुनी गिऱ्हाईकं मला अजून 'लायब्ररीच्या वहिनी' म्हणूनच ओळखतात आणि डिस्कची पिशवी घेऊन घरी येतात. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो : हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचंय, सोपं सॉफ्टवेअर कुठलं?

उत्तर मी लांबवत नाही. डीव्हीडी असेल तर मेकएमकेव्ही नावाचं सॉफ्टवेअर. व्हीसीडी असेल तर वेगळं काही नको, व्हीएलसी हा व्हिडिओ वाजवणारा प्लेअर असला की भागतं. दोन्हींना डीव्हीडी-व्हीसीडीपुरता एक रुपयाही पडत नाही.

आमच्याकडचे एक निवृत्त गुरुजी आहेत. मराठी नाटकांच्या डिस्क त्यांनी एकेक करून जमवलेल्या. पुण्याच्या मुलाने त्यांना सांगितलं की पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर चांगलं असतं. एक पॅकेज फुकट उतरवून घेतलं, तर त्याने प्रत्येक नाटकाची पहिली पाच मिनिटंच काढून दिली. नांदी झाली, पडदा वर गेला आणि पुढे 'पूर्ण आवृत्ती विकत घ्या'. किंमत डॉलरात, तीही वर्षाची. गुरुजी माझ्याकडे आले ते कार्ड हातात धरूनच. "वहिनी, भरू का?" मी म्हटलं, गुरुजी, आधी चहा घ्या आणि ते कार्ड खिशात ठेवा.

फोर-केचं म्हणाल तर थोडा हिशेब सांगते. आपल्याकडच्या व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या, पद्धतीच्या डीव्हीडीचं ७२० बाय ५७६. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०. जे डिस्कवर मुळात नाहीच ते सॉफ्टवेअर आणणार कुठून? ते अंदाजाने भरतं. नटाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून त्याला मेणाचा पुतळा करतं, आणि फाईल मात्र चौपट फुगवतं. त्यापेक्षा आहे तसं उतरवून ठेवा. पुढे कधी खरोखर चांगलं तंत्र आलं तर मूळ हातात असेल.

मेकएमकेव्ही मला आवडतं ते एवढ्यासाठीच. डीव्हीडीवरचं चित्र आणि आवाज ते जसेच्या तसे उचलतं आणि एमकेव्ही नावाच्या फाईलमध्ये ठेवतं. पदार्थ तोच, फक्त डबा बदललेला. गुणवत्ता उतरत नाही, म्हणून 'हाय ठेवू की मीडियम' असले प्रश्नही ते विचारत नाही. डिस्क घातली की पडद्यावर ड्राइव्हचं मोठं चित्र येतं. त्यावर क्लिक करायचं, मिनिटभर थांबायचं, मग डिस्कवर काय काय आहे त्याची यादी उलगडते. प्रत्येक ओळीवर क्लिक केलं की शेजारी लांबी आणि आकार दिसतो. दोन तास वीस मिनिटांची ओळ म्हणजे सिनेमा. तीन-चार मिनिटांच्या ओळी म्हणजे ट्रेलर किंवा कंपनीच्या जाहिराती. नको त्यावरची खूण काढायची, फाईल कुठल्या फोल्डरमध्ये जाईल ते बघायचं आणि बटण दाबायचं. ड्राइव्ह बरा असेल तर वीस मिनिटांत, म्हातारा असेल तर पाऊण तासात काम होतं.

आपल्याकडे 'थ्री इन वन' डिस्क फार खपल्या. एकाच डीव्हीडीवर तीन सिनेमे कोंबलेले. त्यात बहुधा तीन ओळी वेगळ्या दिसतात, पण कधी कधी तिन्ही सलग असलेली सात तासांची चौथी ओळही असते. ती घेतली तर तोच माल दोनदा. लांबीची बेरीज करून बघितली की कळतं. आणि फाईलला नाव लगेच द्या. हे सॉफ्टवेअर 'टायटल टी झिरो झिरो' असली नावं देऊन मोकळं होतं. पाच डिस्क झाल्या की कुठली फाईल कशाची ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. मी सिनेमाचं नाव आणि साल घालते, तेही इंग्रजी अक्षरांत, कारण काही टीव्ही देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दाखवतात.

आता एक अडचण, जिच्यासाठी मला रात्री दहालाही फोन येतात. "वहिनी, फाईल झाली, पण पेनड्राइव्हवर जात नाही. जागा तर बत्तीस जीबी आहे!" ह्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. बरेच पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले येतात, आणि त्या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी एकसंध फाईल बसतच नाही. डीव्हीडी एका थराची असेल तर ४.७ जीबीपर्यंत, दोन थरांची असेल तर साडेआठ जीबीपर्यंत, म्हणजे फाईल सहज चारच्या वर जाते. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की झालं. फक्त टीव्हीला एक्सफॅट वाचता येतं का तेवढं आधी बघून घ्या.

व्हीसीडीची तऱ्हा वेगळी. डीव्हीडीवर कॉपी होऊ नये म्हणून असतं तसं कुलूपच तिच्यावर नसतं. विंडोजमध्ये डिस्क उघडली की एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर दिसतं, त्यात एव्हीएसईक्यू ०१ अशी डॅट फाईल. ती उचलून फोल्डरमध्ये टाकायची, व्हीएलसी ती तशीच वाजवतं. अडचण असते ती ओरखड्यांची. व्हीसीडीवर जास्तीत जास्त चित्र बसावं म्हणून चुका दुरुस्त करायची जी सोय डेटा सीडीत असते तिलाच कात्री लावलेली आहे. त्यामुळे प्लेअर जिथे नुसता एक ठिगळ दाखवून पुढे जातो, तिथे विंडोज कॉपी करता करता अडून बसतं. मग डिस्क पुसा, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. ड्राइव्ह बदलल्यावर हट्टी डिस्क मुकाट्याने वाचली गेल्याचं मी पुष्कळदा बघितलंय. आणि एक सिनेमा दोन-तीन व्हीसीडींवर असतो हे विसरू नका. लायब्ररीवाली म्हणून सांगते, दुसरी डिस्क तिच्या डबीत असेलच असं नाही. मध्यंतरानंतर भलताच सिनेमा सुरू झाला म्हणून भांडायला आलेली माणसं मी पाहिली आहेत.

पुसायचं कसं, हेही लिहिते, कारण टूथपेस्ट लावून डिस्क घासायचा सल्ला अजून फिरतोय. कृपा करून घासू नका. साध्या पाण्याखाली धरा, बोटाने साबणाचा एक थेंब फिरवा, धुऊन टाका आणि जुन्या मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ टिपा. गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा वाचनाच्या रेघेबरोबरच धावतो आणि जास्त माहिती खातो. आडव्या ओरखड्यावरून ड्राइव्ह उडी मारून जाऊ शकतो.

लोक चकचकीत बाजू जपतात आणि छापील बाजू टेबलावर आपटतात. व्हीसीडीच्या बाबतीत हे उलटं आहे. तिचा आरशासारखा थर छपाईच्या अगदी खाली, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. तिथे ओरखडा पडला की थरच निघून जातो आणि त्यावर इलाज नाही. डिस्क ट्यूबलाइटसमोर धरून बघा. टाचणीएवढी उजेडाची भोकं दिसली तर तेवढं गेलं म्हणून समजा. डीव्हीडीचा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती जरा चिवट. आमच्या लायब्ररीत ह्याच कारणासाठी स्टिकर चिकटवायची बंदी होती. नंबर घालायचा तो भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर, मार्करने.

हँडब्रेकचं नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं, म्हणून त्याबद्दल. ते फुकट आहे, उत्तम आहे, पण त्याचं काम दुसरं. ते फाईल दाबून लहान करतं. डीव्हीडीचं कुलूप ते स्वतः उघडत नाही, त्यामुळे थेट डिस्क दिली तर कधी कधी नुसता रंगांचा चिवडा हाती येतो. आधी मेकएमकेव्हीने उतरवायचं, मग जागा कमी पडत असेल तरच ती फाईल हँडब्रेकला द्यायची. 'फास्ट ५७६ पी २५' हे तयार सेटिंग पाल डीव्हीडीला पुरतं. माझं विचाराल तर एक टीबीच्या हार्ड डिस्कवर एका थराच्या दोनशे डीव्हीडी न दाबता बसतात. ज्यांच्याकडे पन्नास-साठ आहेत त्यांनी ह्या भानगडीत पडूच नये.

अपवाद नाटकांचा. ती व्हिडिओ कॅमेऱ्याने चित्रित केलेली असतात, आणि त्या चित्रात प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांची विणलेली असते. जुन्या टीव्हीवर काही कळत नव्हतं. कॉम्प्युटरवर मात्र नटाने हात झटकला की हाताच्या कडेला फणीच्या दात्यांसारख्या रेघा दिसतात. गुरुजींना वाटलं, डिस्क खराब झाली. डिस्क धडधाकट होती. व्हीएलसीत व्हिडिओच्या मेन्यूत डीइंटरलेस आहे, ते सुरू केलं की रेघा जातात. फाईलमधूनच घालवायच्या असतील तर हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये तीच सोय आहे. तरीही मूळ फाईल पुसू नका.

ही सॉफ्टवेअर इंटरनेटवरून कुठून उतरवून घ्यायची, ह्याची मला खरी काळजी वाटते. सर्च केलं की आधी जाहिराती येतात, आणि सारख्याच नावाच्या बनावट साइट्स. व्हीएलसी व्हिडिओलॅन डॉट ओआरजीवरून घ्या, हँडब्रेक हँडब्रेक डॉट एफआरवरून, मेकएमकेव्ही मेकएमकेव्ही डॉट कॉमवरून. हँडब्रेकचं तर २०१७ च्या मे महिन्यात असं झालं होतं की त्यांच्याच डाउनलोडच्या एका सर्व्हरवर कुणीतरी मॅकसाठीची फाईल बदलून तिथे व्हायरस ठेवला होता. त्यांनी ते स्वतः जाहीर करून लोकांना सावध केलं. आणि २०२२ मध्ये आपल्या देशात व्हिडिओलॅनची साइटच काही महिने बंद केलेली होती. त्या दिवसांत अधिकृत दार बंद म्हणून लोक भलत्या दारांनी गेले, आणि काय काय घरी घेऊन आले ते त्यांच्या कॉम्प्युटरवर अजून दिसतं. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. तेव्हा कुठून उतरवलं होतं ते आठवत नसेल तर काढून टाका आणि नव्याने घ्या.

ब्लू-रे आमच्या भागात फार कुणी घेतल्या नाहीत. त्यांना वेगळा ड्राइव्ह लागतो, एका डिस्कची फाईल वीस-तीस जीबीच्या घरात जाते आणि मेकएमकेव्हीची ती सोय कायमची फुकट नाही. त्यापलीकडे सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

परदेशातल्या मुलांनी पाठवलेल्या डीव्हीडींची गोष्ट मात्र सांगायला हवी. डीव्हीडींसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत : भारत विभाग ५ मध्ये येतो, अमेरिका १ मध्ये. दुसऱ्या विभागाची डिस्क घातली की कॉम्प्युटर विचारतो, विभाग बदलू का? हो म्हणायच्या आधी थांबा. ड्राइव्हला हा बदल फक्त पाच वेळा करता येतो, पाचव्यानंतर तो त्याच विभागाला कायमचा चिकटतो. अशा डिस्क खूप असतील तर त्यांच्यासाठी वेगळा ड्राइव्ह ठेवलेला बरा.

सुरुवात कुठल्या डिस्कपासून करायची, हे मला कुणी विचारत नाही, पण मी सांगतेच. लग्नाची, मुंजीची, षष्ट्यब्दीची डिस्क आधी. त्या कारखान्यात छापलेल्या नसतात. फोटोग्राफरने राइट केलेल्या असतात, आणि त्यांच्यातला रंगाचा थर उन्हाने, उकाड्याने, पावसाळ्यातल्या दमटपणाने फिका पडतो. खालून बघितलं तर जांभळट दिसतात, त्या ह्या. त्यांना कुलूप नसतं, कायद्याचा प्रश्न नसतो आणि दुसरी प्रत जगात कुठे मिळत नाही. त्यांच्यानंतर नाटकं आणि छोटे मराठी सिनेमे, जे कुठल्याच ॲपवर नाहीत. गाजलेले हिंदी सिनेमे सर्वांत शेवटी. ते कुठे ना कुठे सापडतात.

आता कायदा. मी वकील नाही, पण दुकान चालवलंय, म्हणून कॉपीराइट कायदा वाचायची वेळ आली होती. १९५७ च्या ह्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. कलम ५२ मध्ये खासगी, वैयक्तिक वापरासाठीच्या रास्त वापराला जागा आहे, आणि त्या कारणासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हे उल्लंघन नाही असा खुलासाही आहे. दुसरीकडे कलम ६५-ए नवं आलं : हक्कांचा भंग करायच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी तसं केलं तर ते लागू नाही. स्वतः विकत घेतलेल्या डिस्कची स्वतःच्या घरापुरती एक प्रत, एवढ्यावर मी थांबते. तीच फाईल टेलिग्रामच्या ग्रुपवर टाकणं, शेजाऱ्याला पेनड्राइव्हवर भरून देणं, गणपतीत मंडळाच्या पडद्यावर दाखवणं, हे वैयक्तिक राहत नाही, आणि त्यासाठी आलेल्यांना मी दारातूनच परत पाठवते.

ह्या ६५-ए कलमात एक छोटी तरतूद आहे, तिच्यावरून मला एक गोष्ट सुचली. दुसऱ्या माणसाला असं कुलूप उघडायला जो मदत करतो, त्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण ह्यांची पूर्ण नोंद ठेवावी असं कायदा म्हणतो. मी एक वही केली आहे. पण पुष्कळांकडे मुळात ड्राइव्हच नाही. नव्या लॅपटॉपला तो येत नाही, आणि दहा डिस्कसाठी दीड-दोन हजारांचा यूएसबी ड्राइव्ह घेणं प्रत्येकाला जमत नाही. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनी असा एकेक ड्राइव्ह आणि त्याला जोडलेला एक साधा कॉम्प्युटर ठेवावा. सभासदाने आपली डिस्क आणि आपली हार्ड डिस्क घेऊन यावं, रजिस्टरमध्ये सही करावी, तासभर बसून काम करून जावं. वाचनालयाने स्वतःकडे काही ठेवू नये. नोंदवही ठेवायची सवय त्यांना आहेच, आणि दुपारी दोन ते चार तिथे गर्दीही नसते.

कराडातलं कुठलं वाचनालय तयार असेल तर पहिले काही महिने शिकवायला मी येते, मानधन नको. आपल्या वृत्तपत्राने वाचनालयांच्या कार्यवाहांना ह्यावर विचारावं आणि त्यांची उत्तरं छापावीत, ही विनंती.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
कराड, जि. सातारा
(नाव छापू नये. फोन आधीच फार येतात.)